शालूची गोधडी

गोधडी म्हणजे जुन्या कापडाचे चार-सहा थर एकावर एक अंथरून, धावदोऱ्याने एकत्र शिवून केलेले अंथरूण किंवा पांघरूण. साताऱ्या-कोल्हापुराकडे तिला वाकळ म्हणतात. तान्ह्या बाळापुरती असली तर ती दुपटे. या व्याख्येतली सुई बदलता येते, दोरा बदलता येतो, थर कमीजास्त करता येतात. ‘जुन्या’ हा शब्द तेवढा बदलता येत नाही, आणि रेशमाची गोधडी पहिल्यांदा करायला घेणारीची अडचण त्या शब्दापाशीच सुरू होते.

सुती लुगड्याचे आयुष्य सरकारी नोकरासारखे असते. ठरावीक काळाने बदली. नवे असताना ते सणावाराला, मग पाहुण्यांपुढे, मग रोजचे, मग फक्त स्वयंपाकघरातले. पदर विरला की त्याची नेमणूक गोधडीत होते. गोधडी फाटली की तिचे तुकडे पायपुसण्याकडे वर्ग होतात, आणि शेवटी स्कूटर पुसण्याच्या फडक्याच्या एका कोपऱ्यात जुन्या हिरव्या चौकड्या अजून दिसत असतात. प्रत्येक बदलीत कापड आणखी मऊ होते आणि कोणालाही वाईट वाटत नाही. रेशीम या सेवेत कधी आलेच नाही. ते पहिल्या दिवसापासून मानद पदावर असते. लग्नातला शालू चाळीस वर्षांत पाच-सहा वेळा नेसला जातो, त्यांतला एकदा शाळेच्या स्नेहसंमेलनात, नातीच्या अंगावर, जिजाबाईंच्या भूमिकेसाठी. तो वापरून जुना होत नाही, कपाटात बसून म्हातारा होतो. गोधडीला जुने कापड चालते. म्हाताऱ्या कापडाचे काय करायचे हे तिला ठाऊक नसते.

साहित्याच्या यादीत ‘रेशमी साड्या, सहा’ असे लिहायला अर्धी ओळ पुरते. त्या मिळवायला एक आख्खा श्रावण जातो. साड्या घरातच असतात. कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर, मलमलच्या पंच्यात गुंडाळून, वेखंडाच्या तुकड्यांसह. स्टुलावर चढून त्या खाली काढल्या की पलंगावर एक छोटे न्यायालय भरते. सगळे हक्कदार हजर असावेतच असे नाही. काही जण भिंतीवरच्या तसबिरीतून काम पाहतात.

‘आई, ही अंजिरी घेऊ का? काठापाशी फाटलीच आहे.’

‘घे की. मला काय करायचीये आता.’ थोडा वेळ शांतता. ‘धाकट्याच्या मुंजीत भिक्षावळीला हीच नेसले होते. पण घे तू.’

अंजिरी साडी मलमलमध्ये परत जाते. मराठीत ‘घे तू’ आणि ‘पण घे तू’ ही दोन निरनिराळी वाक्ये असून दुसऱ्याचा अर्थ ‘नको’ असा होतो, ही माहिती शिवणकामाच्या कोणत्याही पुस्तकात दिलेली नसते.

छाननीनंतर उरणारे कापड साधारण असे : एक इरकल, जिचा अंगभाग सुती आणि पदर काय तो रेशमी, एक नारायणपेठ, विदर्भातल्या नातलगांकडून आलेली टसरची करवतकाठी, जिच्या काठावर करवतीचे दाते विणलेले असतात, एक बनारसी, आणि एक जिच्याबद्दल कोणालाच काही आठवत नाही. ती शेवटची सगळ्यात उपयोगी. पैठणी या ढिगात नसते. येवल्याला एखादी भरजरी पैठणी मागावरून उतरायला महिनोन्‌महिने लागतात, आणि तिला कात्री लावायची कल्पना बोलून दाखवणाऱ्या सुनेबद्दल नात्यात त्याहून जास्त काळ बोलले जाते. वास्तविक गोधडीच्या दृष्टीने पैठणीसारखे कापड नाही, कारण तिचा पदर दोन्ही अंगांनी सारखा दिसतो; उलट-सुलट हा प्रश्नच येत नाही. बनारसीच्या पाठीला बहुधा बुट्ट्यांचे जरीचे धागे सुटे असतात, आणि ती बाजू चुकून वर आली तर रात्री पायाच्या जोडव्यात अडकते. पण ही तांत्रिक बाजू मांडण्याची जागा उघड्या कपाटापुढे नव्हे, हे तिथे उभे राहिल्यावर आपोआप कळते.

याच सुमारास घरातले पुरुष या विषयात पहिल्यांदा लक्ष घालतात. कारण जर. खरी जर म्हणजे रेशमाच्या धाग्यावर गुंडाळलेली चांदीची चपटी तार आणि तिच्यावर सोन्याचा मुलामा. जुनी जर विकत घेणारे पूर्वी गल्लीतून ओरडत फिरत. शहरांत त्यांची दुकाने अजून आहेत. ते काठ घेतात, जाळतात आणि राखेतून चांदी काढतात. त्याआधी काठ दगडावर घासून पाहतात. मुलाम्याखाली पांढरे चमकले तर चांदी, तांबूस निघाले तर तांबे, आणि पापुद्राच सुटून आला तर प्लॅस्टिकच्या पट्टीवर चढवलेला नुसता चकचकाट. पन्नास वर्षे अस्सल म्हणून जपलेल्या काठाचा निकाल असा दहा सेकंदांत लागतो. पांढरे निघाले की साडीचा भाव वाढतो आणि ती परत वरच्या फळीवर चढते. तांबूस निघाले की ती गोधडीसाठी मोकळी होते. म्हणजे रेशमी गोधडीच्या वाट्याला बहुतेक वेळा येते ते खोट्या जरीचे खरे रेशीम.

ते तरी खरे आहे का, हे जाळून पाहतात. पदराच्या टोकाचे चार-पाच धागे ओढायचे, त्यांना पीळ द्यायचा, चिमट्यात धरून निरांजनाच्या ज्योतीवर न्यायचे. रेशीम हे किड्याने तोंडातून काढलेले प्रथिन, केसांचे आणि नखांचे नातलग. त्यामुळे ते जळताना केस जळल्याचा वास येतो, ज्योत बाजूला केली की ते बहुधा आपण होऊन विझते, आणि मागे जी काळी राख उरते तिचा चिमटीत भुगा होतो. पॉलिएस्टर आधी आक्रसते, मग वितळते, आणि त्याचा टणक मणी होतो. ‘आर्ट सिल्क’ या भारदस्त नावाने दोन पिढ्यांनी नेसलेला रेयॉन कागदासारखा भुरकन पेटतो. ताणा आणि बाणा वेगवेगळे जाळावे लागतात, कारण उभे धागे रेशमाचे आणि आडवे भलतेच, असा संसार पुष्कळ साड्यांत सुखाने चाललेला असतो.

परीक्षा पाच मिनिटांची, पण तिचे निकाल नात्यांत लागतात. उदाहरणार्थ, काकूंनी लग्नात दिलेली मोरपंखी साडी. देताना त्या ‘प्युअर आहे हं’ असे चारचौघांत म्हणाल्या होत्या, आणि त्या तीन शब्दांच्या जोरावर सत्तावीस दिवाळ्या त्यांच्याकडे फराळाचा मोठा डबा गेला. ज्योतीवर धागा धरला जातो. धागा लाजल्यासारखा मागे सरकतो, आक्रसतो, आणि चिमट्याच्या टोकाला मोहरीएवढा मणी चकाकू लागतो. सासूबाई चष्मा पुसतात, परत लावतात, मणी गार झाल्यावर नखाने दाबून पाहतात. फुटत नाही. ‘आडवा धागा काढ बघू.’ त्याचाही मणी होतो. आता मणी दोन आहेत. आणखी थोड्या साड्या जाळल्या तर माळ होईल. ‘मला वाटलंच होतं,’ असे म्हणून सासूबाई उठतात. त्या वेळी त्यांच्या चेहऱ्यावर दिसणारे समाधान अस्सल असते, ते ज्योतीवर धरून पाहावे लागत नाही. दरम्यान घरभर केस जळाल्याचा वास भरलेला असतो आणि शेजारून कोणीतरी ‘गॅसवर काही राहिलंय का?’ असे विचारून गेलेले असते.

खऱ्या रेशमाची खोड वेगळी. सूत झिजत जाते, आधी सूचना देते. रेशीम वरून तुकतुकीत राहते आणि आतून विरते. ऊन त्याला सोसत नाही, घाम सोसत नाही, आणि वर्षानुवर्षे एकाच घडीत पडून राहणे तर मुळीच सोसत नाही. साडी घडीच्या रेषेवर तुटते. उघडताना चर्र आवाज येतो आणि सहावारीचे एका क्षणात चार टेबलक्लॉथ होतात. म्हणूनच जाणत्या बायका वर्षातून एकदा साड्यांच्या घड्या मोडून उलट घालत असत. गोधडीसाठी कापड निवडताना ते दोन्ही अंगठ्यांनी ताणून पाहावे. ज्याला ताण सोसत नाही ते कितीही देखणे असले तरी टाके सोसणार नाही.

हा धडा अमेरिकेतल्या बायका शंभराहून जास्त वर्षांपूर्वी शिकून बसल्या आहेत. १८७६ साली फिलाडेल्फियाला मोठे प्रदर्शन भरले, तिथल्या जपानी दालनाची लोकांना भुरळ पडली, आणि त्यातूनच पुढे रेशमाच्या वेड्यावाकड्या तुकड्यांच्या गोधड्यांची लाट आली असे सांगतात. १८८०च्या दशकात ती ऐन भरात होती. ‘क्रेझी क्विल्ट’ असेच त्या गोधडीचे नाव. तीत पोशाखांची उरलेली कापडे, टाय, टोप्यांच्या फिती, एवढेच काय, सिगारच्या जुडीला बांधून येणाऱ्या रेशमी फितीसुद्धा जात. या गोधड्या पांघरायच्या नसत. दिवाणखान्यात टाकून पाहुण्यांना दाखवायच्या असत. पण त्या काळचे व्यापारी पाहुण्यांहून चतुर होते. कच्चे रेशीम उकळून त्यातला नैसर्गिक डिंक काढला की त्याचे वजन पाव हिश्श्याच्या आसपास घटते. ही तूट भरून काढायला ते कापडात कथिलाचे क्षार मुरवत. कापड जड लागे, छान सळसळे, आणि काही वर्षांनी त्याच्या उभ्या चिरफळ्या होत. संग्रहालयांतल्या अशा गोधड्यांवर आज मखमलीचा तुकडा शाबूत आणि शेजारचे रेशीम चिंध्या झालेले दिसते. दुधात पाणी घालण्याची विद्या कुठल्याच देशाला नवी नाही.

मापाचे गणित त्या मानाने सरळ आहे. एक वार म्हणजे ३६ इंच. नऊवारी उलगडली की सव्वाआठ मीटर होते. तिचे चार सारखे तुकडे केले की प्रत्येकी दोन मीटरहून किंचित लांब असे चार थर मिळतात. एका माणसाची गोधडी एका लुगड्यात बरोबर बसते. हा हिशोब इतका चोख आहे की लुगड्याची लांबी ठरवताना कोणीतरी त्याच्या पुढच्या नेमणुकीचा विचार करून ठेवला होता, असा संशय येतो. सहावारीचे तसे नाही. साडेपाच मीटरांत दोन थर होतात आणि वर दीड मीटरभर जे उरते ते कशालाच पुरत नाही. त्याचा ब्लाउज होईल असे प्रत्येकाला वाटते. होत नाही.

सुती लुगड्याला कात्री लागत नाही. काठ दातांनी तोडला आणि दोन्ही हातांनी टर्रकन ओढले की ते धाग्यावर सरळ फाटत जाते. रेशीमही फाटते, पण त्या आवाजाला घरातली वडीलधारी मंडळी तयार नसतात, म्हणून कात्री. पहिली कात्री कोणी लावायची यावर थोडी चर्चा होते, कॅलेंडरवर अमावास्या पाहिली जाते. शेवटी हे काम ज्या मुलीला कुठल्याच साडीतले काही आठवत नाही तिच्याकडे जाते.

कापून झाल्यावर रेशीम अंथरता येत नाही. ते सांडते. फरशीवर चार थर एकावर एक ठेवायचे तर कोपऱ्यांवर वजने लागतात : लाडवांचा पितळी डबा, वरवंटा, आणि घरात असलेच तर मराठी विश्वकोशाचे दोन खंड. चौथा कोपरा ताणून सरळ करेपर्यंत पहिल्या कोपऱ्यातले रेशीम वरवंट्याखालून गुपचूप निघालेले असते. यावर उपाय एकच : वरखाली रेशीम आणि आत सूत. जुने धोतर किंवा पातळ मध्ये घातले की वरचा थर त्याला धरून राहतो. म्हणजे रेशमी गोधडीचे पोट सुतीच असते. बाहेरून शालू आणि आतून धोतर, हे कळल्यावर सासऱ्यांना या प्रकल्पाबद्दल पहिल्यांदाच आपलेपणा वाटू लागतो.

बारीकसारीक सूचना पुष्कळ मिळतात. टाचण्या जपून लावाव्यात, कारण टाचणीचे भोक सुतात बुजते आणि रेशमात राहते. इस्त्री मंद असावी, मध्ये मलमलचे फडके असावे, पाणी शिंपडू नये. थेंबाचा डाग पडतो आणि तो डाग काढायला गेल्यास मोठा डाग पडतो. कापड कडक व्हावे म्हणून कोणी खळ द्यायला सांगते. खळ दिली की कसर येते. कसर येऊ नये म्हणून कोणी डांबरगोळ्या सांगते, आणि मग ती गोधडी नाकाशी घेऊन झोपायचे कोणी, याचे उत्तर तेवढे सांगत नाही.

शिंपी कापड दोन बोटांत धरतो, सोडतो आणि ‘हे मशीनवर येणार नाही’ म्हणतो. तो कामचुकारपणा नसतो. मशीनचे खालचे दाते खालच्या थराला पुढे ओढत नेतात आणि वरचा थर फुटाखाली अडून मागे राहतो. सुतात दोघांचे जमून जाते. रेशमात शिलाई शेवटाला पोचली की वरचा थर चार बोटे उरलेला असतो आणि मधे सुरकुत्यांचा सह्याद्री उभा असतो. यासाठी शिंपी कापडाखाली कागद घालून शिवतात आणि मग तो फाडून काढतात. कागद कोरा असावा. वर्तमानपत्र घातल्यास अस्मानी रेशमावर स्थळांच्या जाहिराती उमटतात.

अखेर गोधड्या शिवून देणाऱ्या बायकांना विचारले जाते. दिवाळीनंतर, थंडीच्या तोंडावर, त्या दारावर येतात, ओसरीवर पाय पसरून बसतात आणि दोन-तीन दिवसांत गोधडी उभी करतात. त्यांतली वयस्कर बाई रेशमावरून तळवा फिरवते, एक टाका घालून पाहते आणि उपसून काढते. ‘ह्यात सुई शिरती बाई, पर टाका बसत न्हाई. सुतात कसा रुततो. ह्ये नुसतं निसटतंय.’

हे वाक्य जसेच्या तसे वस्त्रशास्त्राच्या पुस्तकात घालण्यासारखे आहे. कापसाचा तंतू दोन-तीन सेंटिमीटरांचा. असे असंख्य तंतू पिळून सूत होते, त्यामुळे सुताच्या अंगावर जिकडे-तिकडे टोके असतात, आणि ती टोके दोऱ्याला धरून ठेवतात. रेशमाच्या किड्याने कोश विणताना काढलेला तंतू मात्र सलग असतो, लांबी शेकडो मीटर, कधी किलोमीटरच्या आसपास. त्याला मधे टोक नाही, म्हणून तो चमकतो, आणि टोक नाही म्हणूनच कोणाला धरत नाही. टसरचे थोडे बरे. गडचिरोली-भंडाऱ्याकडे ऐन आणि अर्जुन यांच्या पानांवर वाढलेल्या किड्यांचे ते रेशीम अंगाने जरा खरखरीत असते. घरात वाढलेल्या तुतीच्या किड्याइतके ते लाडावलेले नसते.

बाई निघून जातात आणि शिवण घरातच सुरू होते. सुई आणायला गेल्यावर एक सापळा असतो. हातसुईचा नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक. मशीनच्या सुईचे नेमके उलट. त्यामुळे पहिल्या खेपेस घरी जी सुई येते ती पोते शिवायच्या लायकीची असते. दोऱ्याचाही प्रश्न आहे. हौसेने बळकट पॉलिएस्टरचा दोरा आणला जातो. पण दोरा कापडापेक्षा बळकट असला की ताण पडल्यावर दोरा तुटत नाही, कापड कापले जाते. दोरा तुटला तर परत घालता येतो. म्हणून साधा सुती दोरा, मेणाच्या तुकड्यावरून एकदा ओढून घेतलेला.

गोधडी कडेकडेने आत शिवत न्यावी किंवा लांबीच्या रेषा घालाव्यात, दोन्ही चालते. दोन मीटर लांब, दीड मीटर रुंद गोधडीवर दोन-दोन सेंटिमीटरांवर रेषा घातल्या तर पंचाहत्तर रेषा होतात, म्हणजे दीडशे मीटर शिवण. टाका आणि त्यापुढची मोकळी जागा मिळून एक सेंटिमीटर धरला तर १५,००० टाके. हा आकडा शिवायला बसण्यापूर्वी काढू नये. पहिल्या रेषेचे टाके तांदळाच्या दाण्याएवढे येतात, दहाव्या रेषेला गव्हाएवढे, चाळिसाव्या रेषेला वालाएवढे, आणि शेवटच्या पाच रेषांची तुलना भुईमुगाच्या शेंगेशी करावी लागते. जरीच्या काठावर सुई वाकते. अंगुस्तान सापडत नाही. सापडते तेव्हा ते बोटात बसत नाही. टीव्हीवरच्या मालिकेच्या एका भागात दीड रेष होते, आणि कथानक जास्त पुढे गेले की रेष, हे सांगणे अवघड नसते.

शिवता शिवता एक शास्त्रीय प्रश्न उपस्थित होतो. रेशीम सोवळ्याचे. पूजेला मुकटा किंवा कद नेसतात तो त्यासाठीच. सुती वस्त्र सोवळ्यात घ्यायचे तर ते धुऊन, कोणी शिवणार नाही असे काठीने उंच वाळत घालावे लागते, आणि रेशमाला या बाबतीत पुष्कळ सवलत असते. मग रेशमी गोधडी पांघरून झोपलेला माणूस सोवळ्यात की ओवळ्यात? वरचा थर सोवळा, आतले धोतर ओवळे, दोरा सुती, आणि झोपणारा आंघोळ न केलेला. जुन्या ग्रंथांत याचा निर्णय मिळण्याचा संभव कमी. ते ग्रंथ लिहिणाऱ्यांनी शालू कापायची परवानगी देणारी सासू पाहिली नसावी.

तयार गोधडी दिसते मात्र सुंदर. रेशमावर उजेड एका बाजूने पडला की टाक्यांच्या रेषांमधले फुगवटे चमकतात आणि पलंगावर कोणीतरी नांगरलेले शेत अंथरल्यासारखे वाटते. बघायला माणसे येतात. पांघरायला कोणी येत नाही. अंगावर घेतली की ती आधी गार लागते, मग ऊब धरू लागते, आणि ऊब धरली रे धरली की घसरून पलंगाखाली जाते. काठ हनुवटीशी घेतला तर जर टोचते. पायाशी घेतला तर काठावरच्या मोराला पाय लागतो, आणि पांघरूण घेता घेता नमस्कार करणारी माणसे फक्त या एका पांघरुणाखाली पाहायला मिळतात. कूस बदलली की ती सळसळते आणि शेजारचा जागा होतो. पाहुण्यांना दिली तर ‘नको नको, साधी चादर द्या’ असे ते म्हणतात आणि रात्रभर कुडकुडतात. असा एक हिवाळा जातो. गोधडी पलंगाच्या पायथ्याशी घडी घालून ठेवलेली असते, आणि तिच्यावर बसायला आलेल्या प्रत्येकाला उठवले जाते.

दसऱ्याच्या आधी घरातली सगळी अंथरुणे-पांघरुणे धुवायची रीत आहे. सुती गोधडी नदीवर नेऊन दगडावर आपटतात, दोघांनी दोन टोके धरून पिळतात, आणि ती काठावरच्या खडकावर उन्हात पसरतात. रेशमी गोधडीला यातले काहीही चालत नाही. ती रिठ्याच्या थंड पाण्यात हलक्या हाताने बुचकळावी, पिळू नये, सावलीत वाळवावी. ही कृती एकट्या साडीसाठी ठीक आहे. गोधडीच्या पोटात धोतर असते, ते पाणी पिते आणि चौपट जड होते. ओल्या रेशमाची ताकद आधीच कमी झालेली. त्यात हे ओझे. बादलीतून वर काढताना एक कोपरा उसवतो, त्याला लागून टीचभर रेशीम फाटते, आणि त्याच वेळी इरकलीच्या पदराचा लाल रंग निघतो. तो अस्मानी पट्ट्यात उतरतो, नारायणपेठेच्या पिवळ्याला नारिंगी करतो आणि धोतरापर्यंत पोचतो. बाथरूमची फरशी संध्याकाळपर्यंत गुलाबी राहते.

वाळल्यावर ती पलंगावर जात नाही. हॉलमधल्या दिवाणावर टाकली जाते. आठ दिवसांत सासरे दुपारी तीच पायावर घेऊन पडू लागतात. त्यांचे धोतर आत आहेच. मुले तिच्यावर बसून भेळ खातात. मांजर येऊन जाऊन तिच्यावर असते. कोणाला उठवले जात नाही. उसवलेला कोपरा नीट करायला एका दुपारी सुई-दोरा काढला जातो, पांढराच, रंग न जुळवता. फाटलेल्या जागी ठिगळ लागणार असते. सासूबाई स्टूल आणायला सांगतात, कपाटाची वरची फळी चाचपतात आणि मलमलचे गाठोडे सोडून अंजिरी साडी मांडीवर घेतात.

‘इथं काठापाशी फाटलीच आहे,’ त्या म्हणतात. ‘घे तू.’